आधी रात्रीची झोप, मग बाकी सगळं

पत्र : मी गुहागर तालुक्यातली, वय ४७. सासूबाई ८१ वर्षांच्या. चौदा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. धरून खुर्चीत बसवता येतं, बोलणं अडखळतं. सासरे ८६, हिंडते-फिरते आहेत, पण हल्ली दिवेलागणीला पिशवी भरतात आणि ‘चला, घरी जाऊया’ म्हणतात. आमचे हे बोटीवर, सहा-सहा महिने बाहेर. दीर विरारला, नणंद चिपळूणला. रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं. कंबर धरलीय. गेल्या आठवड्यात एका रात्रीत दुसऱ्यांदा चादर ओली झाली तेव्हा मी आईंवर ओरडले आणि मग मागच्या पडवीत जाऊन रडले. मेमध्ये भाचीचं लग्न आहे, चार दिवस माहेरी जावंसं वाटतं. सगळे म्हणतात, ‘तू आहेस म्हणून निभावतंय.’ हे ऐकलं की आता राग येतो. माझंच मन कोतं झालंय का?

उत्तर :

ताई, मन कोतं झालेलं नाही. चौदा महिने जिला सलग झोप नाही, तिचा आवाज चढणारच. ‘धीर धर, पुण्य लागेल’ म्हणणारे तुमच्या भोवती पुष्कळ असतील, ते काम त्यांच्याकडे राहू दे. तुमच्या पत्रात आम्हाला दुरुस्त होण्यासारख्या तीन गोष्टी दिसतात : रात्र, कंबर आणि विरार-चिपळूण. क्रमही तोच ठेवा. झोप न झालेल्या माणसाला धड वाकता येत नाही आणि दिराशी धड बोलताही येत नाही.

रात्रीपासून सुरुवात करू. तीन रात्री उशाशी वही ठेवा. उठलात की दोनच गोष्टी लिहायच्या : किती वाजले, आणि कशासाठी उठलात. लघवी, कूस, तहान, दुखणं, की नुसतीच हाक. चौथ्या दिवशी वही बघितली की चार-पाच वेळांमधल्या निदान दोन टाळता येण्यासारख्या निघतात.

लघवी बहुधा सगळ्यात वर असेल. त्यावर पाणी तोडणं हा सर्वांना सुचणारा उपाय, आणि चुकीचा. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, जळजळते, संसर्ग होतो, पोट साफ होत नाही, आणि म्हातारं माणूस दोन दिवसांत भ्रमिष्टासारखं करायला लागतं. डॉक्टरांनी हृदयासाठी किंवा किडनीसाठी पाणी मोजून दिलेलं नसेल, तर पेज, ताक, चहा धरून दिवसाला साधारण दीड लिटर गेलंच पाहिजे. फक्त वेळ सरकवा. बहुतेक सगळं दुपारी चारच्या आत, सहानंतर गोळीपुरतं. रात्रीचा चहा बंद. आईंच्या पायांना संध्याकाळी सूज दिसते का? दिवसभर खुर्चीत पाय लोंबते राहिले की पाणी पायांत उतरतं, आणि रात्री आडवं झाल्यावर तेच रक्तात परत येऊन लघवीवाटे निघतं. दुपारी तासभर पाय उशीवर घेऊन झोपवलं तर त्यातलं बरंचसं संध्याकाळच्या आत निघून जातं. बीपीच्या गोळ्यांत लघवीची गोळी असेल आणि ती रात्री जात असेल, तर सकाळी देता येईल का हे डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने बदलू नका. आणि पोट तीन-तीन दिवस साफ होत नसेल तर आधी ते बघा. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, मग थोडी थोडी लघवी सारखी होते. ज्या चादरीवरून तुम्ही ओरडलात ती कदाचित एवढ्याचमुळे ओली झाली असेल.

एवढं करूनही रात्री एक-दोनदा होईल. तेवढ्यासाठी दर वेळी उठून भांडं द्यायचं की डायपर, यात आम्ही बेधडक डायपरच्या बाजूने आहोत. पण फक्त रात्री. दिवसा भांडं किंवा कमोडची खुर्ची चालू ठेवा, नाहीतर असलेला ताबाही जातो. साडेदहाला बांधायचा, खाली शोषून घेणारी शीट घालायची, पाचला काढायचा. मधे शौच झालं तर मात्र लगेच बदलायचा. सकाळी साध्या पाण्याने धुऊन, न घासता टिपून कोरडं करा आणि झिंक ऑक्साइडचं मलम किंवा व्हॅसलिन पातळ लावा. पावडर नको. आपल्याकडच्या दमट हवेत ती घामाने गोळा होते आणि जांघेत खरवडते. मिरगानंतर कपडे सुकत नाहीत, ओलसर गाऊन अंगावर जातो आणि जांघेत बुरशी येते : मधे लालभडक चट्टा आणि कडेने सुट्या लाल पुळ्या. अशा वेळी मेडिकलमधून ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब आणू नका. अशा बऱ्याच मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते आणि बुरशी पसरते. डॉक्टरांनी दिलेलंच लावा.

आता कूस. ‘दर दोन तासांनी’ हे तुम्हाला दवाखान्यात सांगितलं असेल आणि त्याच भीतीने तुम्ही उठत असाल. साध्या गादीवर ते बरोबर आहे. हवा आळीपाळीने भरणारी गादी असेल आणि कातडी चांगली राहत असेल, तर रात्रीचं अंतर हळूहळू चार तासांपर्यंत नेता येतं. तुम्हाला झोप मिळते ती इथे. पण हे कातडीला विचारून करायचं. सकाळी माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, कोपरं बघा. लाल जागा बोटाने दाबा. फिकी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक, दाबूनही लालच राहिली तर आत इजा सुरू झाली आहे, अंतर परत कमी करा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेव्हा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा काळपट लागतं का ते हाताने चाचपा. लाल जागा चोळू मात्र नका, तेल लावूनसुद्धा नाही, आतली नाजूक झालेली कातडी तुटते. टाचांसाठी उशी पोटरीखाली घाला, टाच अधांतरी राहिली पाहिजे. मधे भोक असलेली रबरी चकती आणली असेल तर ती माळ्यावर टाका. ती कडेने दाबते आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा कमी करते.

हवेची गादी नेहमीच्या गादीच्या वर घालायची, नुसत्या फळीवर नाही. आपल्याकडे पहिल्या पावसात वीज गेली की पंप बंद पडतो, हवा उतरते आणि माणूस थेट फळीवर येतं. पंपाला वीज अगदी एखाद्या छोट्या एलईडी दिव्याइतकीच लागते, घरात इन्व्हर्टर असेल तर टीव्हीआधी तो जोडा. हवा पुरेशी आहे का ते कळायला आईंच्या माकडहाडाच्या रेषेत गादीखाली पालथा पंजा न घालता उताणा घाला. हाड तळव्याला लागलं तर हवा कमी आहे, निदान इंचभर जाडी मधे जाणवली पाहिजे.

कंबरेचं कारण तुम्ही लिहिलेलं नाही, पण आम्हाला अंदाज आहे. तुम्ही आईंना काखेत हात घालून वर ओढत असाल. त्याने तुमची कंबर जाते आणि त्यांचा उजवा खांदाही. लुळ्या बाजूच्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो, ओढलं की सांधा निसटतो आणि मग जन्माचं दुखणं लागतं. लुळा हात कधीच ओढायचा नाही, कूस बदलताना आधी तो उचलून पोटावर ठेवायचा.

घरात जुनं नऊवारी लुगडं असेल तर काढा. धुऊन मऊ झालेलं हवं. त्याच्या चार घड्या करून खांद्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत पुरेल असं आईंच्या खाली आडवं पसरा. सुरकुती एकही नको, सुरकुतीनेही जखम होते. डाव्या कुशीवर घ्यायचं असेल तर तुम्ही त्यांच्या डाव्या बाजूला उभ्या राहा. त्यांचा उजवा गुडघा उभा करा, उजवा हात पोटावर. तुमचा एक पाय पुढे, एक मागे. खाट बुटकी असेल तर पुढचा गुडघा सरळ खाटेवर टेका, त्याने अर्धं वाकणं वाचतं. आता पलीकडच्या बाजूचं लुगडं खांद्यापाशी आणि खुब्यापाशी मुठीत घट्ट धरा, ‘एक, दोन, तीन’ मोठ्याने म्हणा आणि हातांनी न खेचता अंगाचा भार मागच्या पायावर न्या. त्या आपोआप तुमच्याकडे वळतात. तीन म्हणेपर्यंत थांबायचंच, कारण त्या डाव्या हाताने जेवढी मदत करतील तेवढं वजन तुमचं कमी. पाठीमागे उशी अशी लावा की त्या पूर्ण कुशीवर न होता थोड्या कललेल्या राहतील, साधारण तीस अंश. पूर्ण कुशीवर घेतलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो.

त्या खाली घसरल्या म्हणून वर सरकवणं हे एकटीने करू नका, कधीच. दोघी हव्यात, दोन बाजूंना, लुगड्याच्या कडा गुंडाळून धरून, खाटेची डोक्याकडची बाजू सपाट करून. लुगड्याखाली मोठी गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी दुमडून घातली तर घर्षण इतकं कमी होतं की शेजारची पंधरा वर्षांची मुलगीही मदतीला पुरते. काम झालं की पिशवी लगेच काढायची, नाहीतर घाम धरतो आणि माणूस घसरतं.

खुर्चीत बसवताना खुर्ची त्यांच्या डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला, खाटेला तिरकी लावा. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि धरायचं ते पट्ट्याला. त्यांना तुमच्या गळ्यात हात घालू देऊ नका, तुमच्या मानेला ते झेपणार नाही. त्यांचा उजवा गुडघा तुमच्या दोन गुडघ्यांत अडवून धरा आणि त्यांना पुढे झुकायला सांगा. नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की ढुंगण आपोआप उचलतं. मधेच तोल गेलाच तर सावरून उभं ठेवायच्या नादात राहू नका. तुमच्या मांडीवरून घसरवत हळूच जमिनीवर बसवा, उशी द्या आणि माणूस बोलवा. तुमची कंबर चार-सहा आठवड्यांत सैल पडायला हवी. कळ पायात उतरत असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. पायाला बधिरपणा आला, जांघेत संवेदना कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी दवाखाना.

सासऱ्यांचं थोडक्यात सांगतो. संध्याकाळी वाढणारा गोंधळ विसराळूपणाच्या आजारात नेहमीचा. सूर्य बुडायच्या आत घरातले सगळे दिवे लावा. ‘हेच तुमचं घर’ असा वाद घालू नका. ‘चहा घेऊ आणि निघू’ म्हणा, बहुतेकदा चहा संपेपर्यंत विषय मागे पडतो. विहिरीवर जाळी, बेड्याला, म्हणजे अंगणाच्या फाटकाला, वरची कडी आणि खिशात फोन नंबर लिहिलेला कागद, ही तीन कामं या आठवड्यातली. स्मरणशक्तीची तपासणी एकदा करून घ्या, बी-१२ आणि थायरॉइडसकट, कारण त्या कमतरतेतून आलेला गोंधळ उपचाराने सुधारू शकतो. आणि दोघांपैकी कुणीही एक-दोन दिवसांत अचानक बदललं, भलतंच बोलायला लागलं किंवा दिवसभर गुंगीत राहिलं, तर ते वयामुळे असं समजून थांबू नका. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं किंवा नवीन गोळी, बहुतेकदा यांतलं काहीतरी असतं.

ओरडण्याबद्दल. पुन्हा तसं होईल असं वाटलं की आई सुरक्षित आडव्या आहेत एवढं बघा आणि पाच मिनिटं खळ्यात, पुढच्या अंगणात जा. ओली चादर पाच मिनिटं थांबते. पण हात उगारला गेला, दंड जोरात आवळला गेला, किंवा दोन आठवडे सलग कशातच मन लागत नाही, भूक नाही, ‘संपून गेलेलं बरं’ असं मनात येतं, तर त्याच दिवशी १४४१६ लावा. ही टेलिमानस सरकारी सेवा, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. आणि एकदा स्वतःचं बीपी, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घ्या. तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी-साखर उपकेंद्रात तपासतात, आशाताईंना विचारा. पाळी जायच्या वयात झोप तशीही उडते. सगळा दोष आईंच्या हाकांवर घालू नका.

आता विरार आणि चिपळूण. ‘तू आहेस म्हणून निभावतंय’ म्हणणाऱ्यांना वाईट हेतू नसतो, त्यांना तासच माहीत नसतात. तीच वही एक दिवस चोवीस तासांची लिहा. तीन वेळचं भरवणं पाऊण-पाऊण तास, कूस आठ वेळा दहा-दहा मिनिटं, अंग पुसणं पाऊण तास, आईंचं धुणं तासभर. स्वयंपाकाला हात लावायच्या आधी पाच तास वीस मिनिटं झाली. या पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाका. खाली तक्रार लिहू नका, मागणी लिहा. ‘जरा लक्ष द्या’ असं लिहिलंत तर अंगठा येईल आणि विषय संपेल. भावोजींना लिहा : डायपर, गादी आणि वाडीतल्या एका बाईचे सकाळचे दोन तास यासाठी दर महिन्याला अमुक रक्कम, पाच तारखेच्या आत. चिपळूणच्या ताईंना लिहा : दर दुसऱ्या शनिवारी दुपारपासून रविवार दुपारपर्यंत तुम्ही आईंजवळ. चिपळूणहून गुहागर काही परदेश नाही.

कुणी ‘सुनेचं कर्तव्य’ काढलंच तर शांतपणे सांगायला एक गोष्ट. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा जो कायदा आहे, त्यात जबाबदार ‘मुलं’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. त्या व्याख्येत सून नाही. आम्ही तुम्हाला प्रांताकडे अर्ज करायला सांगत नाही. चुलीपाशी एकदा हे वाक्य पडलं तरी पुरे.

गणपतीचा प्रश्न वेगळा. तेव्हा घरात पंधरा माणसं असतात आणि तुमचं काम कमी व्हायचं सोडून तिप्पट होतं. सगळ्यांनी एकदम येण्यापेक्षा कुणी भातलावणीला यावं, कुणी दिवाळीनंतर. गणपतीत जे येतील त्यांच्यापैकी आईंच्या खोलीत कोणत्या रात्री कोण झोपणार हे पाटपूजनाच्या आधी ठरलेलं हवं. आलेल्या माणसाला ‘तुम्ही बसा, दमून आलात’ म्हणायची सवय तुम्हीही सोडा. आणि सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड दोघांचं काढायचं काम भावोजींना द्या. वर्षाला ५ लाखांपर्यंत दवाखान्यात भरती होण्याचा खर्च त्यातून होतो. डायपर आणि बाईचा पगार नाही, म्हणून वरची मासिक रक्कम वेगळी.

शेवटी लग्न. जा. त्याची तयारी शिमग्याला करा, भावोजी पालखीला येतातच. पहिल्या दिवशी त्यांनी नुसतं बघायचं. दुसऱ्या दिवशी ते करतील, तुम्ही बाजूला. तिसऱ्या रात्री ते आईंच्या खोलीत एकटे, तुम्ही माडीवर, दार लावून. त्या रात्री ज्या अडचणी येतील त्या वहीत लिहायच्या, त्याच मेमधल्या सूचना.

भरवण्याची सूचना मात्र आजच लिहून ठेवा, नवख्या माणसाच्या हातून तिथेच चूक होते. आईंना ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा, डाव्या गालाकडून. दर चार-पाच घासांनी उजव्या गालात घास अडकलाय का बघायचं. उकड्या तांदळाची पेज जशीच्या तशी द्यायची नाही : वर पाणी, खाली शीत, एका चमच्यात दोन्ही आलं की झटका आलेल्या माणसाला गिळताना हिशेब जमत नाही, पाणी आधी घशात उतरतं आणि ठसका लागतो. रवीने घुसळून किंवा मिक्सरमधून सारखी, थोडी दाट करून द्यायची. घास गेल्यावर आवाज घोगरा, पाणी भरल्यासारखा आला तर तिथेच थांबायचं. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. चेहरा वाकडा, हात गळाला, बोलणं नव्याने बिघडलं तर वेळ लिहून ठेवून लगेच १०८.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि मेमधल्या कोकणच्या गाड्या तासाभरात भरतात, म्हणून भावोजींच्या तारखा शिमग्यालाच पक्क्या करून घ्या. आणि लग्नघरी कुणाला झोप मिळते? चार दिवस लग्नाचे, पाचवा माहेरी नुसता झोपायचा. पाच दिवस मागा.